पौंडांची उधारी: महायुद्धातला भारत-ब्रिटन बँक व्यवहार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धात भारताने इंग्लंडला कर्ज दिलं होतं असं म्हटलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या चहाच्या कपाकडे. बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर सगळी नोकरी झाली, त्यामुळे हा विषय डोक्यातून जात नाही, आणि लोकही तेच तेच प्रश्न पुन्हा विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

भारताने ब्रिटनला कर्ज दिलं हे खरं आहे का? पारतंत्र्यातला देश राज्यकर्त्याला कर्ज कसं देईल?

आकडे खरे आहेत. ऑगस्ट १९३९ अखेर रिझर्व्ह बँकेकडे सुमारे ६४ कोटी रुपयांची स्टर्लिंग, म्हणजे ब्रिटिश पौंडातली, मालमत्ता होती. मार्च १९४६ मध्ये ती सतराशे कोटी रुपयांच्या वर गेली. ही सगळी रक्कम म्हणजे ब्रिटनकडून भारताचं येणं. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनच्या डोक्यावर अशी स्टर्लिंग देणी बऱ्याच देशांची होती, पण त्यात सर्वांत मोठा धनको भारत होता.

पण ‘कर्ज दिलं’ म्हणताना माझी जीभ अडखळते. कर्ज द्यायला कुणीतरी मागावं लागतं, कुणीतरी हो किंवा नाही म्हणावं लागतं. इथे तसं काहीच झालं नाही. वाण्याच्या दुकानातून पाटलाचा गडी रोज सामान उचलतो आणि ‘मालकांच्या खात्यावर मांडा’ म्हणून निघून जातो, तसा प्रकार. वही मात्र चोख होती. एक पैसुद्धा मांडायचा राहिला नाही.

वही कोणत्या कराराने उघडली?

नोव्हेंबर १९३९ मध्ये लंडन आणि दिल्ली यांच्यात संरक्षण खर्चाच्या वाटणीचा करार झाला. शांततेच्या काळात भारताच्या लष्करावर जो खर्च झाला असता तो भारताने करायचा. त्याचा आकडा ठरला वर्षाला ३६ कोटी ७७ लाख रुपये, शिवाय भाववाढ होईल तेवढी भर. निव्वळ भारताच्या हितासाठी केलेल्या युद्धकामांचा खर्चही भारताचाच. देशाबाहेर लढणाऱ्या भारतीय फौजांच्या जादा खर्चापोटी भारताने एकदाच एक कोटी रुपये द्यायचे. बाकी सगळं ब्रिटनच्या खात्यावर.

कागदावर हा करार भारताला वाईट नव्हता, उलट बराच सरळ होता. १९३९ मध्ये लंडनमधल्या कुणालाही वाटलं नव्हतं की युद्ध ईजिप्त, इराक, ब्रह्मदेश, इम्फाळ असं फिरत राहील आणि या ‘बाकी सगळं’मध्ये शेकडो कोटी रुपये जातील. तसं वाटलं असतं तर करार असा झाला नसता, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळातले वित्त सदस्य सर जेरेमी रेझमन यांनी करार बदलू नये म्हणून लंडनला बराच विरोध केला. परक्या सरकारचा अधिकारी असूनही ते इथल्या तिजोरीची बाजू धरून बसले, याची नोंद ठेवायला हवी.

पैसे प्रत्यक्षात कसे फिरत होते? एखादं उदाहरण द्या ना.

हा माझा आवडता प्रश्न. समजा मुंबईतल्या एका गिरणीने मध्यपूर्वेतल्या फौजेसाठी एक लाख पौंडांचं खाकी कापड विणून दिलं. त्या वेळी एका रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स ठरलेला होता. पौंडात २४० पेन्स, रुपयाचे १८. म्हणजे एका पौंडाचे झाले १३ रुपये ५ आणे ४ पै आणि लाख पौंडांचे १३,३३,३३३ रुपये ५ आणे ४ पै.

गिरणीला पौंड नको आहेत. तिला कामगारांचा पगार द्यायचाय, कापूस घ्यायचाय, कोळसा घ्यायचाय. म्हणून भारत सरकार तिला रुपये देतं. माल ब्रिटनसाठी असल्यामुळे लंडनमध्ये ब्रिटिश सरकार तेवढे पौंड भारत सरकारच्या नावे जमा करतं. भारत सरकारला लंडनमध्ये एवढे पौंड काय कामाचे? ते रिझर्व्ह बँकेला विकून सरकार इथे रुपये घेतं. पौंड जातात बँक ऑफ इंग्लंडमधल्या रिझर्व्ह बँकेच्या खात्यात. खात्यात पडून व्याज मिळत नाही, म्हणून रिझर्व्ह बँक त्यातून ब्रिटिश सरकारचीच ट्रेझरी बिलं, म्हणजे थोड्या मुदतीचे कर्जरोखे, विकत घेते. त्यावर व्याज वर्षाला एक टक्क्याच्या आसपास.

आता नीट बघा. ब्रिटिश सरकारने दिलेले पौंड फिरून ब्रिटिश सरकारकडेच गेले. लंडनच्या तिजोरीतून बाहेर काही गेलंच नाही, एक चिठ्ठी तेवढी वाढली. आणि मुंबईत? रिझर्व्ह बँकेच्या चलन विभागाच्या ताळेबंदात एका बाजूला ‘स्टर्लिंग रोखे’ वाढले, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच किमतीच्या नव्या नोटा. नोटा गिरणीकडे, गिरणीतून कामगाराच्या खिशात, तिथून लालबागच्या वाण्याकडे. कापड मात्र बोटीतून कैरोला गेलं. बाजारात नोटा आल्या, माल आला नाही.

रिझर्व्ह बँक आणि बँक ऑफ इंग्लंड यांच्यात वेगळा युद्धकरार झाला होता का?

त्याची गरजच पडली नाही. करार सरकारांमधला होता, आणि बँकांची यंत्रणा १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यात तयार होती. नोटांच्या पाठीमागे किमान ४० टक्के सोनं किंवा स्टर्लिंग रोखे ठेवायचे, त्यात सोनं किमान ४० कोटींचं, आणि कुणी पौंड आणून दिले तर ठरल्या दराने रुपये द्यायलाच हवेत, अशी तरतूद होती. कायदा करणाऱ्यांच्या मनात व्यापाऱ्यांनी आणलेले पौंड होते. युद्धात ते आणून दिले सरकारने, तेही पोत्यांनी, आणि रिझर्व्ह बँकेला नाही म्हणायची सोय नव्हती.

युद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये परकीय चलनावर नियंत्रण आलं आणि ते सांभाळण्याचं काम रिझर्व्ह बँकेकडे गेलं. बँकेचं मुख्य कार्यालय १९३७ मध्येच कोलकात्याहून मुंबईला आलेलं होतं. त्यामुळे युद्धाच्या या हिशेबाचं एक टोक लंडनला बँक ऑफ इंग्लंडच्या थ्रेडनीडल स्ट्रीटला आणि दुसरं आमच्या फोर्टात.

म्हणजे नुसत्या नोटा छापल्या?

हो. कागदोपत्री प्रत्येक नोटेला तारण होतं आणि कायदा पाळला गेला होता. युद्धाच्या अखेरीस चलन विभागाच्या मालमत्तेत स्टर्लिंग रोख्यांचा वाटा नव्वद टक्क्यांच्या आसपास होता. कायद्याला चाळीस पुरले असते. इतकं भक्कम तारण असलेलं चलन जगात शोधून सापडलं नसतं, आणि तरी रुपयाची किंमत डोळ्यांदेखत उतरत होती. युद्धाच्या तोंडावर चलनात १८० कोटींच्या आसपास नोटा होत्या, युद्ध संपता संपता बाराशे कोटींच्या घरात. घाऊक भाव १९४३ पर्यंत दुपटीच्या पुढे गेले.

पुण्यात गोखले संस्थेतले धनंजयराव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी, मुंबईत सी. एन. वकील, ही मंडळी तेव्हाच ओरडून सांगत होती की लंडनमधलं येणं हे इथल्या नोटेचं खरं तारण नव्हे. त्या रोख्यांनी आज धान्य, कापड, रॉकेल यातलं काहीही विकत घेता येत नाही. सरकारी बाजूचं म्हणणं असायचं की कर लावतोय, कर्जरोखे विकतोय, आणखी काय करू?

१९४३ चा बंगालचा दुष्काळ याच महागाईच्या माथी मारावा का? एकट्या तिच्या नाही. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला होता, चक्रीवादळ झालं होतं, नावा जप्त झाल्या होत्या, कारभार ढिसाळ होता. पण ज्याच्या हातात युद्धाच्या कामाचा पैसा आला नाही, त्या भूमिहीन मजुराच्या ताटातून तांदूळ कुणी ओढून नेला हे विचारलं, तर उत्तरात या नोटा येतातच. ब्रिटनला दिलेली उधारी खरी कुणी दिली, याचंही उत्तर माझ्या मते तेच. रिझर्व्ह बँकेने ती फक्त मांडून ठेवली.

चांदीचे रुपये त्याच काळात गायब झाले ना?

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घेण्याचा सपाटा लावला. ते मडक्यांत आणि भिंतींत गेले. सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली आणि रुपयातली चांदी जवळपास निम्म्यावर आणली. चिल्लरीची टंचाई इतकी, की १९४३ मध्ये भोकाचा पैसा आला. घरी असेल तर बघा, मधलं भोक म्हणजे वाचवलेलं तांबं आहे.

चांदी कमी पडायला लागली तेव्हा अमेरिकेने उसनवार-पट्टा (लेंड-लीज) योजनेखाली, म्हणजे दोस्त राष्ट्रांना युद्धासाठी सामान उसनं द्यायच्या योजनेत, भारताला सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी दिली. ती जशीच्या तशी, चांदीच्याच रूपात परत करायची होती आणि पन्नाशीच्या दशकात तशी परत गेलीही.

मुंबई गोदीच्या स्फोटात सोन्याच्या विटा उडाल्या. त्याचा याच्याशी संबंध आहे?

१४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी, ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज. पोटात दारूगोळा, कापूस आणि ३१ पेट्यांत १२४ सोन्याच्या विटा. स्फोटानंतर एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छत फोडून पडली, आणि पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ उपसताना विटा सापडत राहिल्या.

संबंध असा: ऑगस्ट १९४३ पासून रिझर्व्ह बँक ब्रिटन आणि अमेरिकेच्या वतीने इथल्या बाजारात सोनं विकत होती. सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर, म्हणजे तोळ्याला साधारण ४३ रुपये. मुंबईच्या बाजारात भाव त्याच्या कितीतरी वर होता. त्यामुळे तेवढंच सोनं देऊन दोस्त राष्ट्रांना जास्त रुपये मिळत, तेवढ्या नव्या नोटा कमी छापाव्या लागत, आणि चलनातल्या नोटा सोन्यात जिरत. महागाई आवरली म्हणून आपल्याला बरं आणि खर्च स्वस्तात भागला म्हणून त्यांनाही बरं. फक्त झवेरी बाजारात तोळा विकत घेणाऱ्याने वरचा फरक भरला.

आपल्या तागाचे आणि चहाचे डॉलर कुठे गेले?

लंडनच्या सामाईक गंगाजळीत. स्टर्लिंग गटातल्या, म्हणजे पौंडाशी बांधलेल्या, देशांनी कमावलेले डॉलर लंडनला जमा करायचे आणि बदल्यात पौंड घ्यायचे, असा नियम होता. भारतात उतरलेल्या अमेरिकी सैनिकांनी खर्च केलेले डॉलरही तिकडेच गेले. फार तक्रारी झाल्यावर १९४४ आणि १९४५ साठी दरवर्षी दोन कोटी डॉलर युद्धानंतरच्या भारताच्या गरजांसाठी बाजूला ठेवायचं ठरलं. आपल्या कमाईपुढे ही रक्कम किरकोळ होती.

यात चिंतामणराव देशमुखांचं काम काय?

रायगड जिल्ह्यातलं, महाडजवळचं नाते हे त्यांचं जन्मगाव. आयसीएस होऊन रिझर्व्ह बँकेत आले, डिसेंबर १९४१ मध्ये उपगव्हर्नर झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर कामावर असतानाच वारले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशमुख गव्हर्नर झाले, पहिले भारतीय. म्हणजे येणं सर्वांत वेगाने फुगत होतं त्या काळात वही त्यांच्या हातात होती. (१९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे ते हेच. महाराष्ट्राला ते त्या राजीनाम्यामुळे जास्त आठवतात.)

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची आखणी झाली. भारताच्या शिष्टमंडळात रेझमन, देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ होते. त्यांची मागणी अशी, की युद्धात साचलेल्या या येण्यांचा काही भाग तरी निधीमार्फत डॉलरसारख्या चलनांत मोकळा व्हावा. ईजिप्तने पाठिंबा दिला. श्रॉफ म्हणाले, तुम्ही आमची अवस्था अशी करताय की बँकेत दहा लाख डॉलर आहेत आणि टॅक्सीला द्यायला खिशात दमडी नाही. ब्रिटनच्या बाजूने आलेले अर्थतज्ज्ञ केन्स यांनी आभार मानले, दिलं ते आम्ही सन्मानाने फेडू म्हणाले, पण हा विषय संबंधित देशांनी आपापसात सोडवायचा, निधीचा नव्हे, असं सांगितलं. अमेरिकेलाही त्यात पडायचं नव्हतं. मागणी फेटाळली गेली. भारताच्या पदरात निधीतला ४० कोटी डॉलरचा कोटा, म्हणजे वाटा, पडला, आणि पुढे रशिया निधीत आला नाही म्हणून पहिल्या पाचांत जागा मिळाली.

चर्चिलना ही देणी बुडवायची होती का?

बुडवायची म्हणण्यापेक्षा उलटा दावा ठोकायचा होता. जपानपासून आम्ही यांचं रक्षण करायचं आणि वर यांचेच ऋणी व्हायचं, हे त्यांना पटत नव्हतं. युद्धानंतर लंडनच्या वर्तमानपत्रांतही येण्यातली काही रक्कम ‘सोडून द्या’ असा सूर होता. १९४५ च्या अखेरीस अमेरिकेने ब्रिटनला पावणेचार अब्ज डॉलरचं कर्ज दिलं, तेव्हाही ही स्टर्लिंग देणी काही प्रमाणात कमी करून घ्यावीत अशी अपेक्षा होती. भारतात काँग्रेसपासून गिरणीमालकांपर्यंत या एका मुद्द्यावर एकमत होतं: एक पैही सोडायची नाही. इतकं एकमत त्या काळात दुसऱ्या कशावर झालेलं मला आठवत नाही.

कॅनडाने तर एक अब्ज डॉलर देणगी दिली होती. मग आपण एवढं ताणून का धरायचं?

१९४२ ला दिली, हो. पण कॅनडाच्या संसदेत चर्चा होऊन दिली. ज्याला नाही म्हणता येतं त्याची देणगी. शिवाय कॅनडातल्या माणसाने त्यासाठी जेवणाचं ताट सोडलं नव्हतं.

मग परत किती मिळाले?

आधी जुनं देणं वजा झालं. रेल्वे आणि इतर कामांसाठी भारत सरकारने लंडनमध्ये पूर्वी काढलेली स्टर्लिंग कर्जं युद्धाच्या काळात याच पौंडांतून फेडली गेली, तीस कोटी पौंडांच्या वर. हा खरा फायदा, आणि तो बहुतेक जण विसरतात.

उरलेल्याचा पहिला करार १४ ऑगस्ट १९४७ चा. बाहेर ध्वजारोहणाची तयारी आणि आत हा हिशेब. येणं ठरलं ११६ कोटी पौंड, म्हणजे त्या दराने दीड हजार कोटी रुपयांच्या वर. त्याची दोन खाती केली. पहिल्यातून खर्च करायला मोकळीक, दुसरं गोठवलेलं. डिसेंबरपर्यंत मोकळे केले साडेतीन कोटी पौंड, शिवाय हातात खेळतं भांडवल म्हणून तीन कोटी. सहाच दिवसांनी, २० ऑगस्टला, ब्रिटनने पौंडाचे डॉलर करून देणंच थांबवलं, कारण महिन्याभरात त्यांची तिजोरी रिकामी व्हायला आली होती.

जुलै १९४८ च्या करारात ब्रिटनने भारतात मागे ठेवलेल्या लष्करी सामानाचे १० कोटी पौंड वळते झाले. निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनांची एकरकमी सोय म्हणून १६ कोटी ८० लाख पौंड गेले. उरलेल्यातले आठ कोटी पौंड तीन वर्षांत मोकळे करायचे ठरले. आपल्याला मिळायच्या पैशांतून आधी कलेक्टरसाहेबांच्या पेन्शनची तरतूद झाली. कायद्याने ती जबाबदारी आपलीच होती हे खरं, तरी वाचताना घास लागतो.

मग १८ सप्टेंबर १९४९ ला पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर उतरवला गेला. रुपयाही सोबत उतरला, म्हणून रुपयांत आकडा हलला नाही, पण तेवढ्याच पौंडांत अमेरिकेकडून आता सुमारे तीस टक्के कमी यंत्रं येणार होती. कुणी काही बुडवलं नाही. भावानेच खाल्लं.

५५ कोटींचा वाद म्हणजे हाच का?

नाही. हा गोंधळ महाराष्ट्रात फार होतो. ते ५५ कोटी अखंड भारत सरकारच्या रुपयांतल्या रोख शिलकीतले. त्यात पाकिस्तानचा वाटा ७५ कोटी ठरला, २० आधीच दिले होते, उरलेले काश्मीरमुळे रोखले आणि जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या उपोषणादरम्यान दिले. पौंडांची वाटणी वेगळी झाली, पाकिस्तानात चलनात असलेल्या नोटांच्या प्रमाणात. तोवर, म्हणजे जून १९४८ अखेरपर्यंत, दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक आपली रिझर्व्ह बँकच होती.

१९४६ ची नोटबंदीही याच पैशांमुळे?

युद्धाच्या ठेक्यांत काळा पैसा झाला तो बाहेर काढायला १२ जानेवारी १९४६ ला ५००, १,००० आणि १०,००० च्या नोटा रद्द केल्या. सुमारे १४४ कोटींच्या नोटांपैकी जवळपास १३५ कोटींच्या बदलून गेल्या. पुढचं तुम्हीच बोला.

शेवटी ते पौंड गेले कुठे?

धान्याच्या आयातीत, यंत्रांत आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या पहिल्या दोन वर्षांत. १९५६-५७ मध्ये गंगाजळी इतक्या वेगाने आटली की नोटांमागे ४० टक्के तारणाचा कायदाच बदलावा लागला. आधी ठराविक रकमेचं तारण आलं, १९५७ ला ते २०० कोटींवर आणलं, त्यातलं सोनं ११५ कोटींचं.

आजोबांच्या ट्रंकेत रिझर्व्ह बँकेची नोट आहे, पण तिच्यावर ब्रह्मदेशचा शिक्का आहे. खोटी आहे का?

खोटी नाही. १९३७ ला ब्रह्मदेश भारतापासून वेगळा झाल्यावरही त्याची मध्यवर्ती बँक रिझर्व्ह बँकच राहिली. १९४२ ला जपानी आले आणि त्यांनी आपल्या नोटा चालवल्या. दोस्त फौजा परत शिरल्या तेव्हा त्यांनी आपल्याच नोटांवर इंग्रजीत शिक्का मारून नेला: ब्रह्मदेशचं लष्करी प्रशासन, फक्त ब्रह्मदेशात कायदेशीर चलन. आजोबा बहुधा त्या आघाडीवर असतील आणि पगारातली एखादी नोट खिशात राहून गेली असेल. तिला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका.